विहिरीत कोण होतं?

गेल्या वर्षी जानेवारीत मी सोलापुरात, पूर्व भागातल्या एका शाळेत, नववीच्या मुलांसमोर 'रेझिलियन्स' या विषयावर बोलायला उभा राहिलो. गड्ड्यावरचे पाळणे अजून उतरले नव्हते. आमच्या कंपनीत वर्षातून दोन दिवस समाजासाठी द्यायचे असतात. बाकीच्यांनी पुण्यातल्या पुण्यात झाडं लावली. मी स्वतःचं गाव निवडलं, कारण त्या निमित्तानं दोन दिवस घरचं जेवण मिळणार होतं. हेतू एवढाच उदात्त होता.

बावीस स्लाइड्स केल्या होत्या. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० च्या दशकात दहा जीवनकौशल्यांची यादी केली, ती पहिल्या स्लाइडवर: निर्णय घेणं, प्रश्न सोडवणं, सहानुभूती, ताण हाताळणं वगैरे. 'रेझिलियन्स'ला मराठीत काय म्हणायचं यावर आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस वाद झाला होता. लवचीकता म्हणावं तर योगासनं आठवतात, चिवटपणा म्हणावं तर चिक्की. शेवटी 'खंबीरपणा' ठरला.

मी मुलांना विचारलं, "तुमच्यावर एखादं मोठं संकट आलं तर काय कराल?"

तिसऱ्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, "कुठलं सर?"

"कुठलंही."

"तसं नाही ओ. म्हंजे पैशाचं का घरातलं का पोलिसाचं? त्यावर आहे की."

वर्ग हसला. मीही हसलो आणि पुढची स्लाइड लावली. ती वेळेच्या नियोजनाची होती. महत्त्वाचं आणि तातडीचं यांतला फरक दाखवणारे चार चौकोन. त्यातला दुसरा चौकोन समजावत असताना तोच मुलगा उभा राहिला. "सर, जाऊ का? आज आमच्याकडं पाणी येतंय साडेचारला. आई विड्या द्यायला कारखान्यात जाती, घरात कोण नाही." बाईंनी मान हलवली. त्याच्यामागे आणखी चौघं उठली. सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं आणि ते चुकलं तर पुढचे काही दिवस चुकतात, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं, तिथल्या नववीतल्या मुलाला नाही. मी पडद्यावरच्या चार चौकोनांकडे बघत राहिलो.

हा लेख खरं तर दोन कलाकृतींबद्दल आहे. एक पुस्तक आणि एक सिनेमा. पण मी त्यांच्याकडे परत का गेलो हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं.

त्या रात्री घरी आईच्या कपाटातलं 'श्यामची आई' काढलं. शाळेत असताना वाचलं होतं, म्हणजे रडलो होतो. साने गुरुजींनी ते १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलं आणि १९३५ साली ते छापून आलं, हे बहुतेकांना माहीत असतं. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री आईची एक आठवण सांगतो, अशी बेचाळीस रात्रींची रचना. आपल्या पिढीत हे पुस्तक न वाचताच हसण्यावारी नेण्याची पद्धत आहे. रडकं, संस्कारी, चिंध्या पांघरलेलं. माझंही मत साधारण तसंच होतं. पण बावीस स्लाइड्स पडल्यावर माणूस नम्र होतो.

मराठीत किशोरवयीन मुलाला एखादं कौशल्य कसं शिकवलं जातं याचं सगळ्यांत नेमकं वर्णन कुठे असेल, तर ते मला श्यामच्या पोहण्याच्या प्रसंगात सापडलं. पावसाळ्यात कोकणातल्या विहिरी तुडुंब भरतात, गावची मुलं पोहायला जातात. श्याम घाबरतो. आई त्याला जा म्हणते, तो माळ्यावर लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, शिंपटीनं मारते आणि बाहेर काढते. तो रडत विहिरीवर जातो, पाण्यात पडतो, तरतो. घरी येतो तो रुसलेला. मग आई त्याला जवळ घेते, खायला दही देते. मुलाला लोकांनी भित्रा म्हणावं हे तिला सहन होत नव्हतं, हे तिच्या बोलण्यातून कळतं. श्यामची भीती गेलेली असते.

हा प्रसंग आपण सहसा दोन प्रकारे वाचतो. जुनी पिढी म्हणते, बघा, तेव्हाच्या आया कशा होत्या, मारून का होईना मुलाला घडवायच्या. नवी पिढी म्हणते, हा सरळसरळ मार आहे, त्याला प्रेमाचा मुलामा दिलाय. मला दुसरी बाजू जास्त पटते. दही दिल्यानं वळ जात नाहीत आणि 'माझ्या भल्यासाठीच मारलं' हे वाक्य आपल्याकडे किती नको त्या माणसांना उपयोगी पडलंय. पण दोन्ही वाचनं आई आणि श्याम या दोघांकडेच बघतात. या खेपेला मला विहीर दिसली. विहिरीवर इतर मुलं आहेत, पोहणारी माणसं आहेत. श्यामला आई ढकलते ती रिकाम्या विहिरीत नाही. त्या पाण्यात आधीच कुणीतरी आहे आणि तो बुडायला लागला तर त्याला वर काढणं हे त्यांच्या दृष्टीनं रोजचं काम आहे. घरी परत आल्यावर दही आहे. म्हणजे श्यामच्या एका उडीमागे अख्ख्या गावाची तयारी आहे. गुरुजी ती वेगळी काढून सांगत नाहीत, कारण त्यांना ती सांगण्यासारखी वाटतच नसणार. हवेबद्दल कोण सांगतं?

पत्रावळीच्या आठवणीतही तसंच. पानं घरात आहेत, चोयटे आहेत, लावायला शिकवणारं माणूस शेजारी बसलेलं आहे. श्यामला फक्त त्याचा हट्ट सोडायचा आहे.

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. आमच्याकडेही 'रेझिलियन्स' हा शब्द रोज वापरला जातो, पण तो कधीही एका मशीनबद्दल नसतो. सर्व्हर पडतात. चांगले, महागडे सर्व्हरही पडतात. आम्ही त्याला खंबीर हो म्हणत नाही. तो पडला तर त्याचं काम कोण उचलणार, हे आधी ठरवून ठेवतो, आणि ते नीट ठरलेलं असेल तर त्या सगळ्या व्यवस्थेला रेझिलियंट म्हणतो. नेटफ्लिक्सनं पंधरा एक वर्षांपूर्वी 'केऑस मंकी' नावाचं एक साधन बनवलं. ते चालू सर्व्हर मुद्दाम, कुठलाही, अचानक बंद पाडतं. ऐकायला शिंपटीसारखंच वाटतं. पण ते कामाच्या वेळेत चालवतात, इंजिनिअर जागेवर असताना, आणि पडलेल्याचं ओझं घ्यायला दुसरे सर्व्हर तयार आहेत हे गृहीत धरून. रात्री तीन वाजता, पर्यायी व्यवस्था नसताना, कुणी असा सर्व्हर पाडला तर त्याला चाचणी म्हणत नाहीत. त्याला घातपात म्हणतात.

मी स्वतः हे पाच वर्षं ऑफिसात करतोय आणि तरीही शाळेत जाऊन चाळीस मुलांना एकेकट्यानं खंबीर व्हायला सांगत होतो.

आता सिनेमा. नागराज मंजुळे आमच्या जिल्ह्यातले, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. 'फँड्री' १४ फेब्रुवारी २०१४ ला लागला, तेव्हा मी अकरावीत होतो. मित्रांबरोबर गेलो, कारण ट्रेलरवरून आम्हाला ती लव्हस्टोरी वाटली होती. परतताना कुणी बोललं नाही. मग एकजण म्हणाला, "काय बे, शेवटी दगड आपल्यालाच मारला की त्यानं." अकरा वर्षांत मी या सिनेमावर बरंच वाचलं, पण एवढं नेमकं कुणी लिहिलेलं आठवत नाही.

या खेपेला मी तो जीवनकौशल्यांची यादी शेजारी ठेवून पाहिला. हे थोडं क्रूर आहे, पण करून बघा. जब्याला काय येत नाही? गलोल चालवता येते. रानात तासन्‌तास एका काळ्या चिमणीमागे फिरण्याची चिकाटी आहे. जीन्स हवी आहे, तर भाव विचारतो, पैसे मिळवायचा मार्ग शोधतो, चंक्याची सायकल घेऊन गारेगार विकायला निघतो. प्रश्न सोडवणं, ध्येय ठरवणं, उद्योजकता. मित्र आहे, पिऱ्या, ज्याच्याशी तो सगळं बोलतो. दहापैकी आठ कौशल्यांवर मी बरोबरची खूण केली. मग उभ्या सायकलवरून गाडी जाते आणि तिचा चेंदा होतो. यशोगाथेच्या पुस्तकात हा मधला अडथळा असता. पुढच्या प्रकरणात त्यानं दुप्पट मेहनत केली असती, मागच्या कव्हरवर त्याचा सूट घातलेला फोटो असता. मंजुळे तसं काही करत नाहीत. सायकल गेली ती गेली. गरिबाच्या घरात एक वस्तू मोडते तेव्हा नुसती वस्तू मोडत नाही, पुढचा प्रयत्नच मोडतो, हे त्या दृश्यात आहे.

पण माझं सगळ्यांत जास्त लक्ष डुक्कर पकडण्याच्या लांबलचक शेवटाकडे होतं. जब्याचं कुटुंब कैकाडी. गावाला डुकरं नकोत म्हणून कचरूला, म्हणजे जब्याच्या बापाला, ती पकडायला सांगितलंय, आणि तेही शाळेच्या शेजारी. हे काम सोपं नाही. पळणाऱ्या जनावराचा अंदाज घेणं, कोंडी करणं, कुणी कुठे उभं राहायचं, फास कधी टाकायचा. पूर्ण कुटुंबाचं टीमवर्क आहे. हेच काम अमेरिकेतल्या कुणा काऊबॉयनं केलं असतं तर स्टेडियम भरलं असतं. इथेही प्रेक्षक आहेतच. शाळेतली पोरं भिंतीवर बसून बघतायत, हसतायत, मोबाइलवर फोटो काढून फेसबुकवर टाकतायत. त्यात शालूही आहे. जब्या लपतो. बाप त्याला शोधून काढतो आणि मारतो.

इथे मी थांबवलं. माळ्यावर लपलेला श्याम आणि आडोशाला लपलेला जब्या. दोघांनाही शोधून काढलं जातं, दोघांनाही मार बसतो, दोघांनाही जे नको ते करायला ओढून नेलं जातं. मारणाऱ्या दोघांच्याही मनात तिरस्कार नाही. मग फरक कशाचा? श्यामच्या आईला गावानं मुलाला भित्रा म्हणू नये असं वाटतं, आणि ते तिच्या हातात आहे. मुलगा पोहला की गाव गप्प बसणार. कचरूच्या मुलानं डुक्कर पकडलं की गाव जास्तच ओरडणार. जितकं कौशल्य जास्त, तितकी शिवी पक्की. घरी दही नाही. आणि भिंतीवर बसलेल्यांपैकी एकही जण खाली उतरत नाही.

त्याच धावपळीत ते प्रसिद्ध दृश्य येतं. डुक्कर हाताशी आलेलं असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या थांबतो, मग एकेक करून सगळं कुटुंब थांबतं, डुक्कर निघून जातं. यावर लोक हसले होते थिएटरात. नागरिकशास्त्राचा धडा या मुलाइतका कुणी शिकलेला नाही, आणि त्याची किंमत त्याला जागच्या जागी मोजावी लागते. नंतर डुक्कर उचलून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर आंबेडकर, फुले, सावित्रीबाई, गाडगेबाबा रंगवलेले दिसतात. हा जोड मला अकरावीत फार भारी वाटला होता. आता थोडा जास्त ठळक वाटतो. एवढं बोट धरून दाखवायची गरज नव्हती, राष्ट्रगीतानं काम झालं होतं. पण ही तक्रार बारीक आहे.

जब्याला खंबीरपणा शिकवायला कोण जाणार? तो कमी आहे का त्याच्याकडे? त्याचा शेवटचा दगड कॅमेऱ्यावर येतो, आणि जीवनकौशल्यांच्या भाषेत त्याला 'भावनांचं व्यवस्थापन न जमणं' म्हणावं लागेल. दोन कौशल्यांवर मी फुली मारली होती, त्यातलं हे एक. ती फुली मग खोडली.

आता पुन्हा पुस्तकाकडे, कारण त्याच्यावर एक हिशेब बाकी आहे. श्यामच्या विहिरीत माणसं होती असं मी म्हटलं. पण कुठली माणसं? त्या काळच्या कोकणातल्या एका ब्राह्मण घरच्या मुलाची ती विहीर. जब्याच्या आज्याच्या वयाचा कुणी मुलगा तिथे पोहायला आला असता तर त्याला कुणी शिंपटीनं पाण्यात ढकललं नसतं, पाण्यापासून लांब हाकललं असतं. महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी १९२७ साली सत्याग्रह करावा लागला, तो याच कोकणात. पोहण्याच्या प्रसंगात गुरुजी याकडे बघत नाहीत. दुसऱ्या एका आठवणीत बघतात: म्हाताऱ्या महार बाईची मोळी उचलायला आई श्यामला पाठवते. तो मोळी उचलून देतो. आणि घरी येऊन आंघोळ करतो. करुणा आहे, पण आंघोळही आहे. पुस्तक ही आंघोळ लपवत नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा मला आता जास्त महत्त्वाचा वाटतो.

आणि लेखक तिथे थांबला नाही. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात. विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी आधी महाराष्ट्रभर फिरले आणि १ मे १९४७ ला तिथे उपोषणाला बसले. दहा दिवसांनी मंदिर खुलं करण्याचं मान्य झालं. ज्या माणसाची ओळख आपण 'मुलांना संस्कार देणारा' एवढीच ठेवली, तो पोरांना सुधारत बसला नव्हता. दाराला कुलूप लावणाऱ्यांसमोर जाऊन बसला होता. 'श्यामची आई' आणि पंढरपूर एकत्र वाचले तर पुस्तक वेगळं दिसतं. शाळांमध्ये ते एकत्र वाचत नाहीत.

पुस्तकातली आणखी एक गोष्ट लहानपणी निसटली होती. श्यामच्या मागे आई उभी आहे. आईच्या मागे कोण? कर्ज वाढत जातं, जप्ती येते, अब्रूचे धिंडवडे निघतात, ती आजारी पडते, तरी तिनं सगळ्यांना धीर द्यायचा. बेचाळीस रात्री आपण तिचा कणखरपणा बघतो आणि शेवटी ती मरते, श्याम जवळ नसताना. ते रडकं आहे म्हणून हसणाऱ्यांनी हेही बघावं की हा माणूस खंबीरपणाचा हिशेब पूर्ण मांडतो. ज्या एका खांबावर सगळं घर उभं, तो खांब जातो. आमच्या भाषेत याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात. कंपन्या तो शोधायला लाखो रुपये देतात. घराघरांत तो स्वयंपाकघरात उभा असतो.

गुरुजींनी स्वतः ११ जून १९५० ला आपलं जीवन संपवलं. वय पन्नास. कारणांचा अंदाज करत बसायचा मला अधिकार नाही आणि त्यांच्या पुस्तकाच्या विरोधात हा पुरावा म्हणून वापरणाऱ्यांचा मला राग येतो. एवढंच वाटतं की महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांना धीर देणाऱ्या माणसाला 'तुझ्यात धीर कमी होता' असं कुणी म्हणेल का? मग ते पंधरा वर्षांच्या पोराला आपण इतक्या सहज का म्हणतो?

माझं सांगतो. बारावीनंतर मी पुण्यात इंजिनिअरिंगला गेलो. वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर. निघताना सगळे म्हणाले, सोलापूरचं पोर आहे, कडक भाकरी खाऊन वाढलंय, कशानं मोडत नाही. पहिल्याच सेमिस्टरला तीन विषय गेले. घरी सांगितलं, पास. मग ते 'पास' सांभाळत चार महिने काढले. त्या चार महिन्यांत मला सगळी कौशल्यं येत होती. वेळेचं नियोजन उत्तम होतं, कुठल्या दिवशी कुणाला काय सांगितलंय याचा तक्ता डोक्यात होता. संवादकौशल्य तर विचारूच नका. रोज रात्री नऊ वाजता फोनवर हसायचो. दिवसा झोपायचो. पुढचं मला नीट आठवत नाही, आणि जे आठवतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

डबा देणाऱ्या मावशींच्या लक्षात आलं की डबे भरलेले परत येतायत. त्यांनी एक दिवस विचारलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तिसऱ्या दिवशी माझा फोन घेऊन अण्णांना लावला आणि माझ्या हातात दिला. अण्णा दुसऱ्या दिवशी हुतात्मा एक्स्प्रेसनं आले. पिशवीत भाकरी आणि शेंगाचटणी. आम्ही स्टेशनबाहेर चहा पीत बसलो. ते निकालाबद्दल बोललेच नाहीत. बऱ्याच वेळानं मागाबद्दल बोलायला लागले, कारण त्यांना दुसरं काही बोलता येत नाही. म्हणाले, "बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. तशी सोयच केलीया त्याच्यात. न थांबता चालला तर सगळा माल खराब निघतो. थांबला म्हणून मागाला कोण शिव्या देत नाही. जॉबर जातो, धागा जोडतो." मग म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?" आणि रडले. मी त्यांना त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं.

तीन विषय नंतर सुटले. त्याला मी यशोगाथा म्हणणार नाही, माझ्या बॅचमध्ये असे निम्मे होते. मुद्दा मावशींचा आहे. त्यांनी डबे मोजले नसते तर?

हवाई बेटांमधल्या काउआई नावाच्या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या संशोधक बायकांनी अनेक दशकं पाठपुरावा केला. ज्या मुलांच्या वाट्याला गरिबी, घरातली भांडणं, व्यसनं असं बरंच काही आलं होतं, त्यांतली साधारण एक तृतीयांश तरीही नीट उभी राहिली. त्यांच्या स्वभावात काही गुण होतेच. पण वारंवार दिसलेली एक गोष्ट म्हणजे आयुष्यात निदान एक तरी टिकून राहिलेलं मोठं माणूस. ते आई-बापच असायला हवं असंही नाही, शिक्षक, आजी, शेजारी, कुणीही. रेझिलियन्सवरच्या बहुतेक सादरीकरणांमध्ये या अभ्यासाचा उल्लेख असतो. माझ्याही होता, सतराव्या स्लाइडवर. त्यातून मी मुलांसाठी काढलेला निष्कर्ष होता, 'तुम्हीही करू शकता!' खाली डोंगर चढणाऱ्या माणसाचं चित्र. एकटा माणूस, अर्थात.

हातानं काम शिकवण्याला माझा विरोध नाही, उलट आहे. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, तिथे शाळेत न रमलेली मुलं वेल्डिंग, वायरिंग, शेती, बांधकाम शिकतात आणि ते शिकताना गावातली खरी कामं करतात. तिथे कौशल्य हा स्लाइडवरचा शब्द नाही. मुलानं केलेलं दार कुणाच्या तरी घराला लागतं, आणि ते दार वापरणारा माणूस उद्या त्या मुलाला ओळखतो. श्यामची पत्रावळ याच जातीची आहे, तिच्यावर कुणीतरी जेवतं. जब्याचंही काम गावाला लागतंच. फक्त त्याबद्दल त्याला ओळख मिळत नाही, नाव मिळतं. सिनेमाचं शीर्षक तेच आहे. फँड्री म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर.

दुसरा दिवस मी फेब्रुवारीत वापरला. त्याच शाळेत, त्याच वर्गावर. बाईंना आधी विचारून घेतलं की पाण्याचा दिवस कुठला. लॅपटॉप नेला नाही. 'श्यामची आई'तला पोहण्याचा प्रसंग मोठ्यानं वाचला. मुलींनी विचारलं की श्यामच्या बहिणीला पोहायला पाठवलं होतं का. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि हा प्रश्न मला स्वतःला पडला नव्हता याची लाज वाटली. मग प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली. तुम्ही नापास झालात, किंवा काहीतरी फार वाईट झालं, घरी सांगता येत नाही, तर कुणाला सांगाल? नाव नको असेल तर नुसतं नातं लिहा. चिठ्ठीवर स्वतःचं नाव घालायचं नाही.

चाळीसपैकी अकरा चिठ्ठ्या कोऱ्या आल्या. काहींनी 'मैत्रीण' लिहिलं, काहींनी 'आजी', दोघांनी 'देव', एकानं 'युट्यूब'. शिक्षक कुणीच लिहिलं नाही, आणि बाई माझ्या शेजारी उभ्या राहून चिठ्ठ्या बघत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. कोऱ्या चिठ्ठ्या मात्र त्यांनी मागून घेतल्या, अक्षर नसलेल्या कागदावरून काय ओळखणार होत्या कुणास ठाऊक.

तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलाची चिठ्ठी मी ओळखली, कारण तो देताना म्हणाला, "सर, ह्यावर आहे की." चिठ्ठीवर लिहिलं होतं: सायकलवाले चाचा. त्याखाली कंसात, पण हवा भरायचे पाच रुपये घेतातच.